दंडावरचे चौदा दिवस

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सरासरीचा भरवसा धरू नये हे कोणी शिकवावे लागत नाही. मंडळाचा पाऊस वर्षाअखेर सरासरी गाठतो, कागदावर आकडा चांगला दिसतो. पण सोयाबीन ऐन फुलोऱ्यात असताना वीस-बावीस दिवसांचा खंड पडून गेलेला असतो आणि काढणीच्या आठवड्यात वावरात पाणी साचलेले असते. पीक सरासरीवर येत नाही, रोजच्या ओलीवर येते. शुगरच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी तीन महिन्यांच्या सरासरीवर निश्चिंत राहतो किंवा घाबरून जातो, कारण दुसरे काही त्याला कोणी दाखवलेलेच नसते. एचबीए१सी ७ आला म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर साधारण १५४ होती, एवढेच तो अहवाल सांगतो. एकाची शुगर दिवसभर १३० ते १८० च्या दरम्यान फिरत असेल, दुसऱ्याची जेवणानंतर २८० वर चढून पहाटे ५५ वर उतरत असेल. दोघांच्या हाती कागद मात्र एकाच आकड्याचा पडू शकतो. पहिल्याचे बरे चालले आहे. दुसरा एखाद्या पहाटे अंथरुणात बेशुद्ध सापडू शकतो.

दुसरी ओळखीची तपासणी म्हणजे उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा. हिंगोली जिल्ह्यात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातली पंच्याऐंशी माणसे खेड्यात राहतात, ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते बघण्यासारखे आहे. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या आडगावचा माणूस सकाळच्या एसटीने निघतो, लॅबमध्ये पोहोचतो तेव्हा दहा-अकरा वाजलेले असतात, म्हणजे उपास बारा तासांचा न राहता चौदा-पंधरा तासांचा होतो. सकाळची गोळी राहून गेलेली असते. मग रक्त देऊन तो स्टँडजवळ पोहे किंवा भजी खातो, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त देतो. रोज तो खातो दोन भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी; रोज त्या वेळी तो बसलेला नसतो, वावरात वाकलेला असतो. म्हणजे जो दिवस मोजला तो त्याच्या आयुष्यातल्या इतर दिवसांसारखा नव्हताच. त्या दोन आकड्यांवर गोळी वाढते किंवा कमी होते. यात डॉक्टरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे जेवढे ठेवले जाते तेवढ्यावरच त्यांना ठरवावे लागते.

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, मोठ्या नाण्याएवढा सेन्सर ही उणीव भरून काढतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीजीएम म्हणतात. आपल्याकडे २०१५ पासून मिळू लागलेला आणि आता सर्वाधिक ओळखीचा झालेला प्रकार दर पंधरा मिनिटांनी एक नोंद साठवतो. दिवसाला ९६, चौदा दिवसांत १३४४. दोन आकडे कुठे आणि तेराशे कुठे. पण आकडे वाढले म्हणून शहाणपण वाढते असे नाही, आणि खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. माझे म्हणणे असे की हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा सेन्सर बहुतेक मधुमेहींनी कायमचा दागिना म्हणून लावू नये. चौदा दिवसांची शाळा म्हणून लावावा. प्रश्न ठरवून, वही सोबत ठेवून आणि डॉक्टरांची पुढची तारीख आधी घेऊन. असा लावला तर एक सेन्सर वर्षभराच्या अर्धवट तपासण्यांपेक्षा जास्त शिकवतो. नुसता लावला तर दंडावर पैसे चिकटवल्यासारखे होते.

आधी तो मोजतो काय ते समजून घ्यावे, कारण निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. सेन्सर लावताना एक सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि त्वचेखाली पाचेक मिलिमीटर लांबीचा, केसासारखा मऊ धागा मागे राहतो. त्या धाग्यावर एक विकर असते, ते साखरेशी क्रिया करते, त्यातून अतिसूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि प्रवाह जितका जास्त तितकी साखर जास्त, असा हिशेब यंत्र लावते. पण हा धागा रक्तवाहिनीत नसतो. तो असतो पेशींच्या भोवतीच्या पाण्यात. सिद्धेश्वर धरणाचे दार उघडले की कालव्याच्या मुखाशी पाणी लगेच दिसते, टेलच्या शेतकऱ्याकडे ते उशिरा पोहोचते. तसेच रक्तातली साखर आधी वाढते आणि त्वचेखालच्या पाण्यात ती पाच ते पंधरा मिनिटांनी उमटते. कालवा एकसारखा वाहत असेल तेव्हा दोन्हीकडे पातळी जुळते. दार नुकतेच उघडले किंवा बंद केले असेल तेव्हा जुळत नाही. म्हणून जेवल्यावर अर्ध्या तासात बोटाची पट्टी १९० दाखवते आणि सेन्सर १६०, यावरून ‘यंत्र खोटे आहे’ असा निकाल देणे घाईचे ठरते. शिवाय सेन्सरच्या आकड्यात सरासरी नऊ-दहा टक्क्यांचा फरक धरूनच चालायचे असते, आणि पहिल्या दिवशी तो थोडा जास्त असतो. या यंत्राकडे एका आकड्यासाठी बघू नये. रेघ वर चालली आहे की खाली, किती वेगाने, आणि रोज त्याच वेळी तशीच जाते का, हे बघावे.

आता पुरावा. या विद्येचे वय फार नाही. अमेरिकेत पहिल्या अशा यंत्राला परवानगी मिळाली १९९९ साली, म्हणजे परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी. आपल्या कामाचा सर्वांत जवळचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे नाव ‘मोबाइल’. तो मोठ्या मधुमेहतज्ज्ञांकडच्या नव्हे, तर साध्या कौटुंबिक डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या १७५ लोकांवर झाला, सगळे टाइप २ चे आणि दिवसातून एक-दोनदा दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन घेणारे. आठ महिन्यांनी सेन्सर वापरणाऱ्यांचा एचबीए१सी ९.१ वरून ८.० वर आला. बोटाची पट्टी वापरणाऱ्यांचा ९.० वरून ८.४ वर. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. आणि पट्टीवाल्यांचीही सुधारणा झाली ही गोष्टसुद्धा विसरू नये: लक्ष दिले की शुगर उतरते, लक्ष कोणत्याही साधनाने दिले तरी. २००८ साली टाइप १ च्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तर पंचविशीपुढच्यांना स्पष्ट फायदा झाला आणि मुलांना व तरुणांना झाला नाही. तरुण मंडळींनी यंत्र नियमित लावलेच नव्हते. यंत्राचा गुण वापरणाऱ्याच्या हातात असतो, याचा इतका सरळ दाखला दुसरा मिळणार नाही.

पहिला आक्षेप पैशांचा आहे आणि तो खरा आहे. एक सेन्सर साधारण चार-पाच हजारांच्या घरात पडतो आणि दोन आठवड्यांत संपतो. वर्षभर लावायचे तर सव्वीस लागतात, खर्च लाखाच्या पुढे. दीड-दोन एकर कोरडवाहू जमिनीवर घर चालवणाऱ्याला हे सांगणेही बरे नव्हे. पण यावर ‘मग हे श्रीमंतांचे खेळणे आहे’ असे म्हणून पान उलटणेही बरोबर नाही. त्याच मोबाइल अभ्यासात पुढे एक महत्त्वाचा भाग आहे. आठ महिन्यांनंतर काही जणांचे सेन्सर काढून घेतले आणि आणखी सहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवले. सुरुवातीला दिवसातला ३८ टक्के वेळ त्यांची शुगर ७० ते १८० या पट्ट्यात असे. सेन्सर असताना तो वेळ ६२ टक्क्यांवर गेला. काढल्यावर घसरून ५० टक्क्यांवर आला. संशोधकांनी यातून सेन्सर सुरू ठेवण्याच्या बाजूचा निष्कर्ष काढला, आणि ज्याला परवडते त्याच्यासाठी तो योग्यच आहे. पण मला त्या आकड्याची दुसरी बाजूही मोलाची वाटते: मिळवलेल्यातले निम्मे यंत्र गेल्यावरही टिकले. गेले ते रेघ डोळ्यांसमोर असण्याचे बळ. राहिले ते शिकलेले असणार. हे लोक आठ महिने शिकले होते, चौदा दिवसांत तेवढे शिकता येईल असा दावा मी करत नाही. चौदा दिवसांतून निदान दोन-तीन ठळक चुका सापडाव्यात एवढीच अपेक्षा आहे, आणि त्या सापडतात. चौदा दिवस हा काळही मनाला येईल तसा ठरलेला नाही. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जे निकष ठरवले त्यात चौदा दिवसांची नोंद पुरेशी मानली आहे, मात्र त्यातला किमान ७० टक्के वेळ सेन्सर चालू असला पाहिजे.

कोणाच्या बाबतीत मात्र ‘चौदा दिवस पुरे’ हा माझा युक्तिवाद लागू नाही, ते स्पष्ट सांगायला हवे. टाइप १ झालेली मुले, ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही आणि ज्यांना दिवसातून चार-चार इंजेक्शने लागतात, त्यांच्यासाठी हा सेन्सर शक्य तितका सलग हवा. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात टाइप १ च्या, चांगले नियंत्रण असलेल्या रुग्णांचा शुगर ७० च्या खाली राहण्याचा वेळ सेन्सरमुळे ३८ टक्क्यांनी कमी झाला. रात्री मूल झोपेत आहे आणि शुगर उतरते आहे हे आईला कळणे, याची किंमत रुपयांत करता येत नाही. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ने अशा मुलांसाठी काम उभे केले आहे, नव्याने निदान झालेल्या घराने शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला घेण्याआधी अशा ठिकाणची वाट धरावी. उलट टोकाला, ज्यांना मधुमेह नाहीच त्यांनी आरोग्याची हौस म्हणून सेन्सर लावण्याची गरज नाही. निरोगी माणसाची शुगरही जेवणानंतर थोडा वेळ १४० च्या वर जाते, आणि ती रेघ बघून घाबरलेला माणूस फळे आणि डाळी सोडून बसतो.

मधला मोठा वर्ग गोळ्यांवरचा. यांच्यासाठी पुरावा इन्सुलिनवाल्यांइतका भक्कम नाही, हा दुसरा आक्षेप. मान्य. पण गोळी-गोळीत फरक आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, मग माणूस जेवलेला असो वा नसो. ही गोळी स्वस्त आहे, गुणकारी आहे आणि आपल्याकडे सर्रास दिली जाते. आता हिंगोलीतला दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी गोळी आणि चहा घेऊन माणूस खुरपणीला किंवा हळद शिजवायला गेला, भाकरी यायला दुपारचा एक वाजला, अकराच्या सुमारास हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. ‘ऊन लागले’ म्हणून झाडाखाली बसवले, पाणी पाजले, संपले. तो उन्हाचा त्रास असेलही. पण शुगर उतरली असण्याची शक्यता तितकीच आहे, आणि आजवर ते कळायला मार्ग नव्हता. एकादशी, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र हे औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेवच्या परिसरातले पाळले जाणारे दिवस. त्या दिवशी गोळी तीच आणि अन्न वेगळे. सकाळी पोट रिकामे असताना रेघ खाली जाते, दुपारी साबुदाण्याच्या ताटानंतर ती डोंगर चढते. एकाच दिवसात दोन्ही धोके. ज्याच्या चौदा दिवसांत एक एकादशी येते त्याला हे स्वतःच्या रेघेत दिसते, आणि उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हा प्रश्न तो डॉक्टरांना विचारतो. आजवर तो विचारलाच जात नव्हता.

म्हणूनच लावायचे दिवस निवडून घ्यावेत. लग्नसराईतले किंवा पाहुणपणातले नकोत. रोजच्या कामाचे हवेत, त्यात एखादा उपास आणि एखादा बाजाराचा दिवस आला तर उत्तम. सोबत शंभर पानी वही. त्यात किती वाजता काय खाल्ले, किती भाकरी, गोळी कधी, झोप कधी, वावरात काम किती, एवढेच लिहायचे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाला हे काम द्यावे. पहिले तीन-चार दिवस काहीही बदलायचे नाही. हा भाग सर्वांत अवघड आहे, कारण रेघ दिसायला लागली की माणूस लगेच शहाण्यासारखे वागू लागतो आणि मग रोजचे आयुष्य नोंदलेच जात नाही. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. चहात साखरेऐवजी गूळ घालून बघा: गूळ चालतो ही समजूत उसाच्या पट्ट्यात फार घट्ट आहे, आणि ती तासाभराच्या रेघेत सुटते, कारण गुळातही मुख्यतः साखरच असते. दोन भाकरींऐवजी दीड भाकरी आणि वरण जास्त, असे करून बघा. आधी भाजी-वरण आणि शेवटी भाकरी-भात असा क्रम लावून बघा. २०१५ च्या एका लहानशा अमेरिकी अभ्यासात, केवळ अकरा माणसांवर का होईना, या क्रमाने जेवणानंतरची शुगर ठळकपणे कमी चढली. जेवणानंतर दहा मिनिटे चालून बघा. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतरची दहा मिनिटे जास्त उपयोगी पडली, आणि सर्वाधिक फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. हे सल्ले डॉक्टरांनी आधीही दिलेले असतात. फरक एवढाच की आता त्यांचा परिणाम स्वतःच्या शरीरावर दिसतो. इस्रायलमध्ये आठशे लोकांना सेन्सर लावून २०१५ मध्ये दाखवून दिले गेले की एकच पदार्थ वेगवेगळ्या माणसांची शुगर वेगवेगळी चढवतो. शेजाऱ्याला भात बाधतो म्हणून आपल्यालाही बाधेलच असे नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ओझे वाहणाऱ्याने पोते ज्या खांद्यावर घेतो त्याच्या उलट दंडावर सेन्सर लावावा. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. घामाने कडा सुटू लागल्या तर वरून औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी लावावी. अंघोळीला अडचण नाही. त्या कुशीवर झोपून दंड दाबला गेला तर यंत्र रात्री खोटीच कमी शुगर दाखवते. कूस बदलून पुन्हा बघावे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या काही सेन्सरना फसवतात, त्या चालू असतील तर आधी सांगावे. उन्हाळ्यात नवा सेन्सर पत्र्याच्या घरात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. फोनने वाचायच्या काही सेन्सरमध्ये आठच तासांची नोंद मावते, म्हणजे झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर फोन लावला नाही तर रात्र हरवते. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतील आणि सेन्सर चांगला आकडा दाखवत असेल, तर विश्वास लक्षणांवर ठेवायचा. बोटाची पट्टी हाताशी असेल तर लगेच तपासावे, नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचे.

स्मार्टफोन नाही, कळत नाही, भीती वाटते, हे आक्षेप एका जातीचे आहेत आणि त्यांना उत्तर आहे. डॉक्टरांसाठीचा सेन्सर नोंद स्वतःतच चौदा दिवस साठवतो. रुग्णाला फोन लागत नाही, आकडे दिसत नाहीत, म्हणून घाबरण्याचा प्रश्नही येत नाही, आणि शेवटी दवाखान्यातल्या रीडरने सगळे एकदम वाचले जाते. त्यात रोजचे शिकणे कमी होते हे खरे, पण गोळीची वेळ आणि मात्रा ठरवायला तो पुरतो. डॉक्टरांना तेराशे आकडे बघायला वेळ कुठे, यालाही उत्तर आहे: अहवाल एका पानाचा असतो. साधारण मधुमेहीने दिवसाचे सतरा तास ७० ते १८० मध्ये आणि ७० च्या खाली एका तासाहून कमी राहावे; थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला बारा तासही चालतात, पण त्याची शुगर उतरणे पाव तासाहून जास्त नको. हे पान वाचायला दोन मिनिटे लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तीस वर्षांवरच्यांची मधुमेह तपासणी आशाताईंमार्फत गावागावांत होतेच. देशभरातल्या मोठ्या पाहणीत ग्रामीण प्रौढांत ८.९ टक्के मधुमेह आढळला होता, तेव्हा सापडणाऱ्यांची संख्या लहान नसणार. अशा महाविद्यालयाने दोन-तीन रीडर आणि गरजेपुरते सेन्सर ठेवले, आणि इन्सुलिन घेणाऱ्या, वारंवार चक्कर येणाऱ्या किंवा रक्तक्षयामुळे ज्यांचा एचबीए१सी भरवशाचा राहत नाही अशा बायाबापड्यांना ते चौदा दिवस दिले, तर खर्च एखाद्या यंत्रसामग्रीच्या मानाने किरकोळ ठरेल. ही मागणी ग्रामसभेपासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत कोणीतरी लावून धरली पाहिजे.

पंधराव्या दिवशी सेन्सर कोमट पाण्याने भिजवून काढावा आणि वही व अहवाल घेऊन ठरलेल्या तारखेला दवाखान्यात जावे. गोळी किंवा इन्सुलिन रेघ बघून स्वतःच कमी-जास्त करू नये. डॉक्टरांसमोर अहवालाचे पान ठेवून दोन जागी बोट ठेवावे: जिथे रेघ रोज सर्वांत वर जाते तिथे आणि जिथे सर्वांत खाली उतरते तिथे. त्या दोन वेळा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्याव्यात. पुढचे तीन महिने बोटाच्या पट्ट्या, ज्या पंधरा-वीस रुपयांना एक पडतात, कोणत्याही वेळी वाया न घालवता आठवड्यातून एकेकदा त्याच दोन वेळांना वापराव्यात. समजा त्या वेळा रात्री नऊच्या आणि सकाळी अकराच्या असतील, तर रात्री नऊला घरात आणि सकाळी अकराला वावराच्या बांधावर.